काळ्या दगडावरील रेघा वाचणाऱ्या गर्ट्रूड एलेस

पाटीच्या काळ्या दगडावर शिसपेन्सिलीने रेघ ओढावी आणि तिच्या कडेला करवतीचे दाते काढावेत, तसा ग्रॅप्टोलाइटचा जीवाश्म दिसतो. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात वसाहती करून राहणाऱ्या या नामशेष जीवांची वर्गवारी नव्याने लावण्यात भूशास्त्रज्ञ गर्ट्रूड एलेस यांनी उमेदीची वर्षे वेचली.

त्यांचा जन्म १८७२ मध्ये विम्बल्डन येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयातून १८९५ मध्ये त्या निसर्गविज्ञानात प्रथम वर्गात आल्या. पदवी मात्र हाती पडली नाही. केंब्रिजने स्त्रियांना ती १९४८ पर्यंत दिलीच नाही.

ठरावीक ग्रॅप्टोलाइट ठरावीक थरांतच आढळतात, हे चार्ल्स लॅपवर्थ यांनी स्कॉटलंडमधील खडकांवरून सिद्ध केले होते. म्हणजे जात अचूक ओळखली तर खडकाचे वय कळणार. ओळख चुकली तर थरांचा क्रमच फसणार. आणि चुकायला वाव पुष्कळ होता. गाळात चेपताना एकाच जातीचा जीव कधी कुशीवर दबे, कधी उताणा. दोन्ही ठसे इतके निराळे दिसत की त्यांना वेगवेगळ्या जाती समजले जाई. एलेस आणि त्यांच्या सहकारी एथेल वुड यांनी लॅपवर्थ यांच्या संपादनाखाली संग्रहांतील मूळ नमुनेही पुन्हा तपासले. शाखा किती, त्यांच्यातील कोन केवढा, १० मिलिमीटर लांबीत कप्पे किती, अशी ती मोजदाद होती. वुड चित्रे काढीत, वर्णनाचा भार मुख्यतः एलेस यांच्यावर. ब्रिटिश ग्रॅप्टोलाइटांवरील हा ग्रंथ १९०१ ते १९१८ या काळात भागाभागांनी निघाला.

दरम्यान १९०० मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेने एलेस यांना लायेल निधीचा पुरस्कार दिला, पण सभेला स्त्रियांना मज्जाव असल्याने तो त्यांच्या वतीने एका पुरुषाने स्वीकारला! संस्थेचे सदस्यत्व आणि मर्चिसन पदक १९१९ मध्ये मिळाले. १९२६ मध्ये त्या केंब्रिजच्या पहिल्या महिला प्रपाठक झाल्या.

त्यांच्या वर्गीकरणालाही फेरतपासणी चुकली नाही. केंब्रिजचेच ऑलिव्हर बुलमन यांनी चुनखडी आम्लात विरघळवून न चेपलेले, अखंड ग्रॅप्टोलाइट मिळवले. सपाट ठशात न दिसणारी रचना त्यांत दिसली आणि अनेक गटांची मांडणी बदलली. १९६० मध्ये एलेस यांचे स्कॉटलंडमध्ये निधन झाले. नावे बदलली, तरी जुना ब्रिटिश नमुना तपासणारा अभ्यासक आजही त्या दोघींच्या ग्रंथातील चित्र शेजारी ठेवतो.