कागदावरचं व्हर्च्युअल मशीन : ॲलन ट्युरिंग

ऑपरेटिंग सिस्टिम्सचं लॅब सुरू झालं की हॉस्टेलमध्ये दर वर्षी तोच प्रश्न येतो. लिनक्स टाकायचं कसं? पार्टिशन करताना विंडोज उडालं तर घरी काय सांगणार? मग कोणीतरी सीनियर सांगतो, व्हर्च्युअल मशीन कर. म्हणजे चालू विंडोजच्या पोटात एक लटका पीसी उभा करायचा, त्याला थोडी रॅम, थोडी डिस्क द्यायची आणि त्यात बिनधास्त लिनक्स टाकायचं. बिचाऱ्या लिनक्सला पत्ताच नसतो की आपण खऱ्या मशीनवर नाही! रूट होऊन भलतीच कमांड दिली, सगळं झोपलं, तरी काल घेतलेल्या स्नॅपशॉटवर परत यायचं. नुकसान शून्य.

पण मित्रांनो, एक यंत्र दुसऱ्या यंत्राचं हुबेहूब सोंग घेऊ शकतं, हे मुळात दाखवलं कोणी? १९३६ साली, जगात एकही आधुनिक कॉम्प्युटर नसताना, पंचविशीही न गाठलेल्या ॲलन ट्युरिंगने. ट्युरिंग मशीन आपल्याला थिअरीच्या पेपरात मार्कांसाठी येतं. माणूस मात्र सिलॅबसच्या बाहेर राहिला.

त्याचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी, आईचे वडील मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनियर. म्हणजे इंजिनियरिंग आजोळचं, बरं का! आईवडील नोकरीसाठी भारतात आणि दोन्ही मुलं इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी जोडप्याकडे. घरापासून लांब राहणं काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको, पण हा तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता.

१९२६ मध्ये शेरबोर्नच्या शाळेत जायचं तर देशभर संप, गाड्या बंद. तेरा वर्षांचा ॲलन साउदॅम्प्टनहून सायकलवर निघाला आणि वाटेत एक मुक्काम करून साठेक मैल तोडून शाळेत हजर! शाळेत मात्र त्याचं अक्षर आणि गबाळेपणा यावर शिक्षक कायम नाराज. ख्रिस्तोफर मॉरकॉम हा जिवलग मित्र भेटला आणि अभ्यासाला दिशा आली. तो १९३० मध्ये क्षयाने गेला. ॲलनला हे फार लागलं.

पुढे केंब्रिजचं किंग्ज कॉलेज. तिथे मॅक्स न्यूमन यांच्या लेक्चर्समध्ये त्याला हिल्बर्टचा प्रश्न कळला : गणितातलं कुठलंही विधान दिलं, तर ते सिद्ध होण्यासारखं आहे की नाही हे ठरवणारी एखादी यांत्रिक पद्धत आहे का? बाकीचे उत्तराच्या मागे लागले. ट्युरिंग आधी यांत्रिक म्हणजे नक्की काय, इथेच अडला. त्या काळी कॉम्प्युटर हा शब्द आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी वापरत. हा माणूस करतो काय? कागदावरचं चिन्ह बघतो, डोक्यातल्या नियमाप्रमाणे खोडतो किंवा लिहितो, पुढे सरकतो. ट्युरिंगने कागदाची केली चौकटींची लांबलचक टेप आणि नियमांचा केला तक्ता. झालं मशीन!

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक कामाला वेगळा तक्ता, म्हणजे वेगळं मशीन लागणार. पण तक्तासुद्धा शेवटी चिन्हंच ना? मग तोही टेपवर लिहून टाका आणि असं एकच मशीन बनवा की जे टेपवरचा तक्ता वाचून त्या दुसऱ्या मशीनसारखं वागेल. हे त्याचं युनिव्हर्सल मशीन. होस्ट आणि गेस्ट हे शब्द तेव्हा नव्हते, कल्पना मात्र तीच. आता कोणी म्हणेल की आजचं व्हीएम वेगासाठी बऱ्याचशा इन्स्ट्रक्शन्स थेट खऱ्या प्रोसेसरवरच चालवतं. बरोबर आहे. पण गेस्ट मशीनचं वर्णन ही होस्टच्या दृष्टीने नुसती एक फाइल असते, हे सगळ्यात मोठं पाऊल त्या पेपरातलंच. जाता जाता हिल्बर्टचं उत्तरही नाही असं निघालं. अमेरिकेत अलोंझो चर्च वेगळ्या वाटेने तिथेच पोचले होते. ट्युरिंग त्यांच्याकडे प्रिन्स्टनला गेला आणि १९३८ मध्ये पीएच.डी. घेऊन परतला.

४ सप्टेंबर १९३९ रोजी तो ब्लेचली पार्कला रुजू झाला. जर्मन एनिग्माची संकेतलिपी फोडायची होती. पोलिश गणितज्ञांनी पाया घालून दिलेला होता. त्यावर ट्युरिंगने बॉम्ब नावाचं यंत्र आखलं, गॉर्डन वेल्चमनने ते सुधारलं. जर्मन नौदलाचे संदेश वाचणारा विभाग ट्युरिंगकडे होता. अटलांटिकमधून इंग्लंडला येणारी जहाजं पाणबुड्यांपासून वाचायची तर हे संदेश वाचता येणं फार गरजेचं होतं. आणि साहेब स्वतः परागकणांच्या ॲलर्जीमुळे गॅस मास्क लावून सायकल चालवायचे, चहाचा मग चोरीला जाऊ नये म्हणून रेडिएटरला साखळीने बांधायचे! लिनक्सचा सोर्स आज कोणीही उघडून बघतो. हे काम मात्र १९७० च्या दशकापर्यंत कुलूपबंद राहिलं.

युद्धानंतर नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत त्याने एसीई या कॉम्प्युटरचं डिझाइन केलं. सरकारी दिरंगाईला कंटाळून १९४८ मध्ये तो मँचेस्टरला गेला. मधल्या काळात पळणं चालूच. १९४७ ची मॅरेथॉन त्याने २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली. मँचेस्टरच्या मशीनचं प्रोग्रॅमिंग मॅन्युअल त्यानेच लिहिलं. बेस ३२ मधले आकडे, तेही उलट्या क्रमाने, लोकांनी सरळ वाचायला शिकावं अशी त्याची अपेक्षा होती. आपल्या मॅन पेजेस यापुढे गोड वाटतात.

याच काळात त्याने बुद्धिबळाचा प्रोग्रॅम आखला, पण तो चालवायला मशीन नव्हतं. मग १९५२ मध्ये तो स्वतःच मशीन झाला. कागद घेऊन बसला, नियम हाताने चालवले, एकेका चालीला साधारण अर्धा तास. हरला, पण नियम सोडून एकही चाल स्वतःच्या मनाने खेळायची नाही, हाच तर प्रयोग होता.

त्याच वर्षी त्याच्या घरी चोरी झाली. तो तक्रार द्यायला गेला आणि चौकशीत त्याचे एका पुरुषाशी संबंध असल्याचं निघालं. त्याने ते लपवलं नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा हा गुन्हा होता. तुरुंग किंवा वर्षभर हार्मोन्सचे उपचार, असा पर्याय मिळाला. त्याने दुसरा घेतला. गुप्त कामाची परवानगी गेली. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्याचा मृत्यू झाला, वय ४१. चौकशीत आत्महत्या असा निकाल आला. आईने तो कधी मानला नाही, प्रयोगातला अपघात असं ती म्हणत राहिली.

मला इथे राग येतो तो एका गोष्टीचा. ज्या देशाची जहाजं याने वाचवली, त्याच देशाच्या कोर्टात हे काम सांगायचीही सोय नव्हती. आपल्याकडे इंग्रजांनीच ठेवलेलं कलम ३७७ होतं. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. विंगमध्ये एखाद्याच्या चालण्याबोलण्यावरून जी नावं पाडली जातात, ती काही कोर्टाने बंद होत नाहीत. ती आपणच पाडतो.

२००९ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी माफी मागितली, २०१३ मध्ये राणीने माफीनामा दिला. २०२१ मध्ये पन्नास पौंडांच्या नोटेवर तो आला, सोबत १९३६ च्या पेपरमधला तक्ता. तसा तक्ता सी किंवा पायथनमध्ये चालवायला शंभर ओळीही लागत नाहीत. व्हीएममधल्या लिनक्सवर करून बघा. फक्त ट्युरिंगची टेप संपत नाही, आपली डिस्क वीस जीबीला संपते.