रेव्हरंड नारायण वामन टिळक : जीवन आणि भक्ती

टिळकांच्या अभंगांचा अभ्यास करण्यापूर्वी त्यांचे जीवन समजून घेणे आवश्यक आहे. त्यांचा जन्म १८६१ साली कोकणातील करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. आप्तेष्ट दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा मुलगा काही वर्षे त्यांच्यापासून वेगळे राहिले. टिळकांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही. अहमदनगरला पुन्हा संसार सुरू झाल्यावर १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वेच्छेने दीक्षा घेतली.

टिळकांनी धर्म बदलला, पण मराठी संतांशी असलेले नाते तोडले नाही. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून अभंग आणि कीर्तन यांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती मांडली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला; त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. दुभंगलेले घर श्रद्धेच्या कार्यात असे एकरूप झाले.