आउगुस्ट वाइसमान

आउगुस्ट वाइसमान (१७ जानेवारी, १८३४ – ५ नोव्हेंबर, १९१४) हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ होते. शरीराच्या पेशी व जननपेशी यांत मूलभूत भेद असून आनुवंशिक द्रव्य केवळ जननपेशींमार्फत पुढील पिढीत जाते, हा सिद्धांत त्यांनी मांडला. आई-वडिलांनी आयुष्यात मिळवलेले गुण संततीत उतरतात का, या जुन्या वादाला त्यामुळे निर्णायक वळण मिळाले.

जीवन

वाइसमान यांचा जन्म फ्रांकफुर्ट येथे झाला. ग्योटिंगेन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८५६ मध्ये त्यांनी पदवी मिळवली. १८६१ ते १८६३ या काळात ते ऑस्ट्रियाचे आर्चड्यूक श्टेफान यांचे खासगी वैद्य होते. १८६३ पासून ते फ्रायबुर्ग विद्यापीठात अध्यापन करू लागले. १८७३ ते १९१२ या काळात ते तेथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. नेत्रविकारामुळे त्यांना सूक्ष्मदर्शकावरील काम वारंवार थांबवावे लागले आणि ते अधिकाधिक सैद्धांतिक विवेचनाकडे वळले. संगीतकार यूलिउस वाइसमान हे त्यांचे पुत्र होत.

जननद्रव्य सिद्धांत

कीटकांचे रूपांतरण आणि जलीय हायड्रोझोआ प्राण्यांतील जननपेशींचा उगम यांवर वाइसमान यांनी प्रारंभी संशोधन केले. १८८३ मध्ये त्यांनी उपार्जित गुणांच्या आनुवंशिकतेस उघड विरोध केला. त्यांच्या मते शरीर नश्वर असते, तर जननद्रव्य पिढ्यान्‌पिढ्या अखंड राहते. शरीरात घडलेला बदल जननपेशींपर्यंत पोहोचत नाही. ही मर्यादा पुढे ‘वाइसमान अवरोध’ या नावाने ओळखली जाऊ लागली. या सिद्धांताची सविस्तर मांडणी त्यांनी १८९२ मधील ‘डास काइमप्लाझ्मा’ या ग्रंथात केली.

इजांमुळे झालेले बदल आनुवंशिक असतात, हा समज तपासण्यासाठी त्यांनी उंदरांच्या शेपट्या कापल्या. अशा पाच पिढ्यांच्या उंदरांना झालेल्या ९०१ पिलांपैकी एकाचीही शेपटी जन्मतः खुंटलेली नव्हती. मात्र हा प्रयोग इजांपुरताच होता. अवयवांच्या वापराने वा अवापराने होणाऱ्या बदलांविषयीचे लामार्क यांचे मत त्यातून थेट तपासले गेले नाही.

फलनाच्या वेळी दोन पेशींतील आनुवंशिक द्रव्य एकत्र येते. ते दर पिढीत दुप्पट होऊ नये, यासाठी जननपेशी तयार होताना त्याचे प्रमाण निम्मे व्हायला हवे, असे भाकीत वाइसमान यांनी १८८७ मध्ये केले. अर्धसूत्री विभाजनाच्या पुढील अभ्यासाने ते खरे ठरले.

मूल्यमापन

शरीराच्या पेशींचे विशेषीकरण होताना त्यांतील आनुवंशिक घटक विभागले जातात, हे वाइसमान यांचे अनुमान मात्र चुकीचे ठरले. बहुतेक पेशींत संपूर्ण जनुकसंच असतो. त्यातील कोणती जनुके कार्यरत राहतील, एवढेच बदलते. डीएनएच्या क्रमात बदल न होता घडणाऱ्या या नियंत्रणाचा अभ्यास एपिजेनेटिक्समध्ये होतो.

सस्तन प्राण्यांत जननपेशी प्रारंभापासून वेगळ्या राखलेल्या नसतात. उंदराच्या भ्रूणात साधारण सातव्या दिवसाच्या सुमारास शेजारच्या ऊतींकडून आलेल्या रासायनिक संदेशांमुळे काही थोड्या पेशी जननपेशी होण्याच्या मार्गास लागतात. या पेशींच्या डीएनएवरील मिथिल गटांचे नकाशे काढले असता, साधारण साडेतेराव्या दिवसापर्यंत बहुतेक जुन्या खुणा पुसल्या जातात, असे आढळते. त्यानंतर शुक्रपेशी व अंडपेशी यांत नव्या, लिंगानुसार वेगळ्या खुणा उमटतात. त्यामुळे काही जनुके केवळ पित्याकडून किंवा केवळ मातेकडून आलेल्या प्रतीतूनच कार्य करतात.

ही पुसणी म्हणजे एका अर्थाने वाइसमान यांच्या अवरोधाचाच रेणवीय आविष्कार होय. तथापि ती संपूर्ण नसते. डीएनएच्या काही पुनरावृत्त क्रमांवरील खुणा टिकून राहतात. अशा खुणांद्वारे आई-वडिलांच्या आहाराचा वा ताणाचा परिणाम सस्तन प्राण्यांच्या अनेक पिढ्यांपर्यंत पोहोचतो का, हा प्रश्न आजही वादाचा आहे.

सन्मान

१९०८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने वाइसमान यांना डार्विन पदक प्रदान केले. त्यांचे निधन फ्रायबुर्ग येथे झाले.