गोरिलांच्या सहवासात : डायन फॉसी

डायन फॉसी मूळच्या प्राणिशास्त्रज्ञ नव्हेत. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचा जन्म झाला. पुढे त्या केंटकी राज्यातील एका रुग्णालयात अपंग मुलांची सेवा करीत. १९६३ साली कर्ज काढून त्या आफ्रिका पाहून आल्या आणि मन तिकडेच गुंतले. लुई लीकी या शास्त्रज्ञाच्या साहाय्याने १९६७ मध्ये त्यांनी रुआंडातील विरुंगा पर्वतात, सुमारे १०,००० फुटांवर, ‘कारिसोके’ हे केंद्र उभारले.

तेथील पहाडी गोरिला माणूस दिसताच पळत. मग बाई त्यांच्यासारख्याच रांगू लागल्या, अंग खाजवू लागल्या, रानपाला चघळत त्यांच्यासारखे हुंकारू लागल्या! नाकावरील सुरकुत्यांवरून त्या एकेकाला ओळखीत. अखेर १९७० मध्ये ‘पीनट्स’ नावाच्या नराने आपण होऊन त्यांच्या हाताला स्पर्श केला.

वाकड्या बोटाचा ‘डिजिट’ त्यांचा विशेष लाडका. १९७७ च्या अखेरीस चोरट्या शिकाऱ्यांनी त्याला मारले व डोके आणि हात तोडून नेले. त्यानंतर बाई फारच कठोर झाल्या. त्यांनी फासे तोडले, ते योग्यच. पण पकडलेल्यांना मारहाण झाली, ती मला पटत नाही. फासे बहुधा हरणांसाठी असत आणि लावणारा पोटासाठी हिंडणारा असे.

१९८१ च्या गणतीत विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. २०१६ पर्यंत ते सहाशेंवर गेले. बाईंना हे पाहता आले नाही. डिसेंबर १९८५ मध्ये त्यांच्या झोपडीतच त्यांचा खून झाला. डिजिटशेजारीच त्यांना पुरले आहे.