उजवा हात गेला, डाव्या हातानं दोन सुवर्णं आणली : पिस्तूलवीर कारोली टाकाच

पिंपरी : भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे या पट्ट्यात प्रेसमध्ये बोटं गेली ही बातमी कुणाला नवी नाही. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगावातनं कामाला येणाऱ्या पोराच्या घरी असा फोन आला की आधी दवाखान्याची धावपळ होते. आठ दिवसांनी खरा प्रश्न उभा राहतो. हातावर पोट असणाऱ्याचा हातच गेला, आता पुढं काय?

हंगेरीतल्या एका सैनिकाला १९३८ साली याच प्रश्नानं गाठलं होतं. फरक एवढाच, की त्याचा हात पिस्तुलाचा होता.

कारोली टाकाचचा जन्म २१ जानेवारी १९१० चा, बुडापेस्टचा. तो सैन्यात भरती झाला आणि पिस्तुलात देशातल्या पहिल्या फळीत गेला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला मात्र त्याला पाठवलं नाही. कारण काय, तर तो सार्जंट होता आणि हंगेरीच्या नेमबाजी संघात फक्त अधिकाऱ्यांनाच जागा होती. पुढं हा नियम निघाला आणि टाकाचनं १९४० च्या ऑलिंपिकवर नजर ठेवली.

१९३८ मध्ये सरावात त्याच्या हातात सदोष हातबॉम्ब फुटला आणि उजवा हात कायमचा निकामी झाला. महिनाभर तो इस्पितळात होता. बाहेर आल्यावर कुणाला काही न सांगता त्यानं डाव्या हातानं सराव सुरू केला. १९३९ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या ठिकाणी तो दिसला, तेव्हा बाकीच्यांना वाटलं गडी आपल्याला भेटायला आलाय. तो खेळायला आला होता, आणि जिंकला. त्याच वर्षी जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या हंगेरीच्या संघातही तो होता.

चार सेकंद, पाच गोळ्या

त्याचा खेळ रॅपिड फायर पिस्तूल. २५ मीटरवर शेजारी शेजारी पाच लक्ष्यं. प्रत्येकावर एक गोळी. त्यासाठी आधी ८ सेकंद, मग ६, शेवटी फक्त ४. अशा ६० गोळ्या, एकूण ६०० गुण. चार सेकंदांच्या फेरीत एका गोळीला सेकंदही पुरता मिळत नाही. गोळी सुटली की मनगट उडतं, ते खाली आणून पुढच्या लक्ष्यावर स्थिर करायचं आणि पुन्हा चाप ओढायचा.

म्हणूनच या खेळात काडतूस हलकं हवं. पॉइंट टू टू बोअरची छोटी काडतुसं इथं चालतात, दारू कमी असल्यानं झटका कमी बसतो. त्यांचं पेट घेणारं मिश्रण तळाच्या कडेतच असतं, त्यामुळं एकदा उडाली की ती पुन्हा भरता येत नाहीत. पॉइंट थ्री टूसारख्या मोठ्या पिस्तुलाचं तसं नाही. त्या काडतुसाच्या तळाशी मधोमध वेगळी टोपी असते. रिकामी नळी साफ करून मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर शिशाची गोळी बसवायची. परदेशात अनेक खेळाडू अशी काडतुसं स्वतः भरतात आणि दारू बेतानं घालतात. आपल्याकडे शस्त्र असो की काडतूस, परवान्याशिवाय हात लावता येत नाही.

पण काडतूस कितीही हलकं केलं तरी मनगट तयार व्हायला वेळ लागतोच. टाकाचला तर सगळी सवय दुसऱ्या हाताला नव्यानं लावायची होती.

लंडन आणि हेलसिंकी

महायुद्धानं १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिंपिकं गिळली. १९४८ ला लंडनमध्ये टाकाच ३८ वर्षांचा होता. अर्जेंटिनाचा विश्वविजेता साएन्झ व्हालिएंते यानं त्याला तू इथं कशाला, असं विचारलं आणि शिकायला आलोय असं उत्तर मिळालं, असा किस्सा आजही सांगतात. शिकायला आलेल्या या माणसानं ६०० पैकी ५८० गुणांचा विश्वविक्रम करत सुवर्ण नेलं. व्हालिएंते ५७१ वर राहिला.

१९५२ ला हेलसिंकीत टाकाचनं पुन्हा सुवर्ण जिंकलं. तेव्हा त्याचे ५७९ गुण झाले, दुसऱ्या आलेल्या त्याच्याच देशाच्या सिलार्ड कुनचे ५७८. याच हेलसिंकीत आपल्या कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं होतं. १९५६ ला मेलबर्नमध्ये टाकाच आठवा आला. सैन्यातनं तो लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाला. ५ जानेवारी १९७६ ला त्याचं निधन झालं.

जिद्द होती, नोकरीही होती

टाकाचची गोष्ट बहुतेक वेळा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण आणखी एक गोष्ट बघायला हवी. हात गेल्यावर सैन्यानं त्याला घरी बसवलं नाही. सार्जंट असताना हात गमावलेला माणूस पुढं अधिकारी झाला. पगार चालू होता, सरावाला जागा होती.

आपल्याकडेही असं उदाहरण आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले मुरलीकांत पेटकर १९७२ ला पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण जिंकले आणि पुढं पुण्याच्या टेल्कोत त्यांनी नोकरी केली.

कारखान्यात बोटं गमावलेल्या पोराला पदक नको असतं, त्याला जमेल ते काम हवं असतं. ईएसआय लागू असलेल्या कामगाराला, मग तो ठेकेदाराकडचा का असेना, अपघाताचं संरक्षण कामाच्या पहिल्या दिवसापासून आहे. अपघाताचा अहवाल ईएसआयकडे गेला पाहिजे, मेडिकल बोर्डानं तपासणी केली पाहिजे. कायमचं अपंगत्व ठरलं तर त्या प्रमाणात दरमहा पैसे मिळतात. नोंदच झाली नाही तर पुढचं सगळं अडतं. त्यामुळं घरच्यांनी दवाखान्याच्या कागदांबरोबर अपघात अहवालाची प्रतही मागून घ्यावी, आणि ती पहिल्याच आठवड्यात.