विल्सबाईंचे संशोधन आणि घरातला रिपोर्ट

परवा बायकोच्या रक्ताचा रिपोर्ट आणला. जन्मभर बँकेत ताळेबंद वाचले, पण या कागदावर अडलो. हिमोग्लोबिन कमी, हे कळले. खाली एमसीव्ही ११२ कशासाठी? डॉक्टरांनी समजावले, हा तांबड्या पेशीचा आकार. लोह कमी पडले की पेशी लहान होतात. शंभराच्या वर गेल्या तर बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिडच्या कमतरतेचा संशय घ्यायचा. यातल्या फॉलिक अ‍ॅसिडची कहाणी आपल्या मुंबईत सुरू झाली.

ल्युसी विल्स १८८८ साली इंग्लंडात जन्मल्या. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकल्या, मग वैद्यकाकडे वळून १९२० साली डॉक्टर झाल्या. रोगी तपासण्यापेक्षा प्रयोगशाळेत त्यांचे मन रमे. १९२८ साली त्या मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा रक्तक्षय होत होता. पेशी थोड्या आणि मोठ्या. परळच्या हाफकिन संस्थेत बाईंनी आधी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली. मग या बायकांच्या ताटात काय असते ते पाहिले. भाजी, फळे, दूध जवळपास नव्हतेच.

उंदीर झाले, माकडे झाली. मार्माइट दिल्यावर माकड सुधारले. मार्माइट म्हणजे बीअर गाळून उरलेल्या यीस्टचा खारट अर्क, अगदी स्वस्त. तोच बायकांना दिला आणि काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ साली हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले.

पण मला कौतुक वाटते ते पुढचे. अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका रक्तक्षयावर यकृताचा शुद्ध अर्क गुणकारी होता. या बायकांना तो लागू पडेना. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली चित्र एक, उणीव वेगळी. यकृताच्या अर्कातले ते द्रव्य पुढे बी-१२ ठरले. बाईंच्या अनामिक द्रव्याला विल्स फॅक्टर म्हणू लागले. १९४१ साली पालकातून काढलेल्या द्रव्याला पानाच्या लॅटिन शब्दावरून फॉलिक अ‍ॅसिड नाव मिळाले. विल्स फॅक्टर तो हाच. अमेरिकेत ते कृत्रिमरीत्या बनवणाऱ्या चमूचे प्रमुख आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव.

हा भेद आजही महत्त्वाचा. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक अ‍ॅसिड घेतले तर रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. म्हणून दोन्ही तपासायची. फॉलिकचा साधा आकडा कालच्या मेथीच्या भाजीनेही वर जातो. तांबड्या पेशींतला आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देतो. शिवाय लोहही कमी असेल तर लहान-मोठ्या पेशींची सरासरी निघून एमसीव्ही चक्क नॉर्मल दिसतो. (सरासरीने फसवणे आम्हा बँकवाल्यांना नवीन नाही.)

विल्सबाई १९६४ साली गेल्या. त्यांनी लग्न केले नाही.

आमच्याकडे बी-१२च कमी निघाले. घर शाकाहारी, आणि दुधाचा संबंध चहापुरता. पायाला येणाऱ्या मुंग्या आम्ही वयावर ढकलल्या होत्या, आणि मी औषधाच्या दुकानातून परस्पर फॉलिकच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी ती स्ट्रिप आधी बाजूला ठेवायला लावली. सोमवारपासून इंजेक्शने सुरू झाली आहेत.