लक्ष्मीबाई टिळक : पाण्याच्या हंड्यापर्यंत पोचलेले धर्मांतर



पेण आणि रोहा तालुक्यांतील ज्या कुटुंबांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांच्यापुढे आज एका ख्रिस्ती बाईचे चरित्र ठेवायचे आहे. तुम्हाला नवल वाटेल. आपला मार्ग तथागताचा आणि आपला दीपस्तंभ परमपूज्य बाबासाहेबांचा. मग ख्रिस्ती बाईचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. धर्म बदलल्यावर माणसाने घरात कसे वागायचे, चुलीपाशी आणि पाण्याच्या हंड्यापाशी तो धर्म कसा पाळायचा, हा प्रश्न आज तुमच्यापुढे आहे. तोच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी या बाईपुढे होता. ख्रिस्ती म्हणून जगणे म्हणजे काय, हे तिने पुस्तकातून शिकण्याआधी आपल्या स्वयंपाकघरात शिकून घेतले.

या बाईंचे नाव लक्ष्मीबाई टिळक. त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी, गोखले नावाच्या ब्राह्मण घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांना सोवळ्याचे वेडच लागले. घरात आलेली प्रत्येक वस्तू पाण्याने शुद्ध झाली पाहिजे, असा त्यांचा हट्ट असे. बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! मीठ धुतले तर हाती काय राहणार, हे तुम्हीच पाहा. पण विटाळाच्या भीतीपुढे हिशेब चालत नाही. अशा घरात ही मुलगी वाढली. शाळा तिला फारशी ठाऊक नव्हती. कोणाची सावली टाळायची आणि कोणाच्या हातचे पाणी चालत नाही, एवढे मात्र तिला पक्के ठाऊक होते.

१८८० साली, बालवयातच, नारायण वामन टिळकांशी तिचे लग्न झाले. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. हे कवी टिळक. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले. बुद्धी तीव्र, स्वभाव तापट, एका गावी आणि एका नोकरीत पाय टिकत नसे. देशाची उन्नती व्हायची तर जातिभेद गेला पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात आधीपासून घोळत होता. राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. ते वाचन त्यांच्या मनात रुजले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

भगिनींनो, येथे थोडे थांबा. नवऱ्याने धर्म बदलला, पण घरात बसलेल्या बायकोचे काय? लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. जवळ लहान मुलगा दत्तू. नातलगांनी तिला नवऱ्यापासून दूर ठेवले. सुमारे पाच वर्षे ती सधवा असून एकटी राहिली. काही काळ तिने पंढरपुरात बहिणीच्या आश्रयाने काढला. दुःख असह्य झाले तेव्हा ती स्वतःच कविता रचू लागली. पुढे तिने निर्णय घेतला की नवरा ख्रिस्ती झाला तरी तो आपला नवरा आहे, आणि ती अहमदनगरला त्यांच्याकडे गेली. गेली ती मात्र हिंदू म्हणून. तिची चूल वेगळी, तिचे पाणी वेगळे. आणि येथे टिळकांचा मोठेपणा दिसतो. तापट माणूस खरा, पण धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. जे तुला पटेल तेव्हाच कर, अशी त्यांची भूमिका राहिली. ज्या घरांत पुरुषांनी दीक्षा घेतली आणि आई किंवा बायको अजून जुना देव्हारा सोडू शकत नाही, तेथील पुरुषांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

अहमदनगर आणि राहुरी भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम होते. तेथील ख्रिस्ती मंडळींत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आलेले. मीठ धुणाऱ्या बापाची ही लेक आता त्यांच्या शेजारी राहत होती. त्यांची मुले तिच्या दारात खेळत. दारात खेळलेले चालत होते, पण हातचे पाणी चालत नव्हते. राहुरीस असताना एका रात्री तिला झोप लागेना. जात कोणी केली, देवाने की माणसाने, हा एकच प्रश्न ती स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत राहिली. देवाने केली असती तर माणसांच्या देहात, जन्मात, मरणात काहीतरी फरक दिसला असता. पशूंमध्ये जाती दिसतात, पण माणूस सगळीकडे एकच. मग हा सारा पसारा माणसाचाच! पहाटेपर्यंत तिचा निश्चय झाला की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे आणि प्यायचे. कोणी पाद्री तिला हे शिकवायला आला नव्हता. आपल्याच बुद्धीने तिने आपल्याच घराण्याची शिकवण तपासली आणि टाकून दिली.

आता क्रम नीट पाहा. आधी तिचा विटाळ गेला आणि त्यानंतर, १९०० साली, मुलासह तिचा बाप्तिस्मा झाला. पाणी डोक्यावर पडण्यापूर्वी दुसऱ्याच्या घरचे पाणी तिच्या घशाखाली उतरले होते. म्हणून तिचे धर्मांतर पक्के ठरले.

पुढचे त्यांचे जीवन सुखासीन नव्हते. मिशनचा पगार बेताचा, आणि टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. घरात सदैव दुसऱ्यांची मुले असत. त्यांना जेवू घालायचे, त्यांच्या खरजेला औषध लावायचे, त्यांची भांडणे सोडवायची, हे लक्ष्मीबाईंचे काम. प्लेगच्या दिवसांत लोक आप्तांपासूनही पळत, तेव्हा त्या आजाऱ्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. टिळकांनी ख्रिस्ती मंडळीत अभंग आणि कीर्तन आणले. ख्रिस्ती होण्यासाठी साहेब व्हावे लागत नाही, हा त्यांचा आग्रह होता. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला. ९ मे १९१९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. जिला शाळा मिळाली नव्हती त्या बाईने ६४ अध्याय रचून ते पुरे केले. १९३४ पासून त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि मराठी वाचकाने ते डोक्यावर घेतले. आपल्या सोवळ्याला आणि आपल्या चुकांना त्या त्यात मोकळेपणाने हसल्या आहेत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

मग सारे ख्रिस्ती असेच झाले काय? नाही. हेही तुम्हाला स्वच्छ सांगितले पाहिजे. बाबासाहेबांनी या धर्माचा बारकाईने विचार केला होता. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांचा आपल्यावर प्रभाव आहे हे त्यांनी सांगितले आणि दलित ख्रिस्ती समाजातील उणिवाही दाखविल्या. आपल्या लेखनात त्यांनी नोंदले आहे की चर्चमध्ये गेल्यावरही लोकांची जात सुटली नाही. पूर्वाश्रमीचे भेद तेथेही चालू राहिले. म्हणजे बाप्तिस्मा सर्वांचा झाला, पण लक्ष्मीबाईंची ती जागी रात्र सर्वांच्या वाट्याला आली नाही.

आता आपल्या मुलखात या. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून तळे शुद्ध केले. मीठ धुणारे आणि तळे धुणारे एकाच रोगाचे रोगी होते. त्या रोगाचा मार आपल्या वाडवडिलांनी खाल्ला.

पण त्याच रोगाचा एक कण आपल्यात राहिला आहे काय, हे कोण पाहणार? पेण हे गणपतीच्या मूर्तींचे गाव. दर भाद्रपदात तेथे तुमच्या तिसऱ्या प्रतिज्ञेची परीक्षा होते आणि बरीच कुटुंबे त्या परीक्षेत उतरतात. त्यांचे अभिनंदन. पण नववी आणि दहावी प्रतिज्ञा समतेची आहे. तिची परीक्षा होते ती गावाबाहेरच्या कातकरवाडीत. पावसाळा संपला की कातकरी बांधव वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर मजुरीला जातात, आणि पावसाला पुन्हा वाडीवर परततात. ते तुमच्या दारात आले तर त्यांना पाणी कोणत्या भांड्यात मिळते? तुम्ही त्यांच्या झोपडीत बसून पाणी प्याला आहात काय? मांग, चांभार, कातकरी यांच्याशी सोयरीकीचा विषय निघाला की आपल्या घरात कोणते शब्द उच्चारले जातात? वरच्याने आपल्याला हीन मानले तर आपले रक्त उसळते, ते योग्यच आहे. खालच्या पायरीवर आपण कोणाला ठेवले आहे, याकडेही त्याच डोळ्यांनी पाहायला हवे.

लक्ष्मीबाईंना आधी ते सत्य पटले आणि मग त्यांचा विधी झाला. आपला विधी आधी झाला आहे. यात कमीपणा काही नाही; मात्र उरलेले काम आपल्याला करायचे आहे, आणि ते कोणी भिक्खू किंवा पुढारी येऊन करून देणार नाही. येत्या बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर होईल, तेव्हा जवळच्या वाडीवरच्या कुटुंबांना आदराने बोलावा आणि पंगतीत आपल्या मुलांच्या शेजारी बसवा. त्यानंतर चार दिवसांनी तुम्ही सहकुटुंब त्यांच्याकडे जा. ते पाणी देतील. ते प्या, आणि आपल्या मुलांनाही पिऊ द्या.

जय भीम.